मॅक्रो लेन्सचा ईएमआय आणि मिठाचा दाणा

गेल्या वर्षी मी मॅक्रो लेन्ससाठी ईएमआय काढणारच होतो. म्हटलं, आधी आवड टिकते का बघू. बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्ह उघडला, आतलं इवलंसं भिंग काढलं आणि कडेने सेलोटेप लावून फोनच्या मेन कॅमेऱ्यावर चिकटवलं.

आता फोन वस्तूच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर न्या. फोकससाठी टॅप करत बसू नका, फोनच हळूहळू पुढे-मागे करा. कोपर टेबलावर टेकवा, टायमर लावा. उजेड बाजूने द्या, नाहीतर फोनचीच सावली पडते.

माझा पहिला फोटो मिठाच्या दाण्याचा. चक्क चौकोनी ठोकळा!

डीएसएलआर आहे? मग काही शे रुपयांची रिव्हर्स रिंग घ्या. ५० एमएमची लेन्स उलटी लावली की जवळजवळ १:१ मॅग्निफिकेशन मिळतं.

ईएमआय? अजून काढला नाहीये. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!