डावीकडची खिडकी



पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेली आपल्याकडची पुष्कळ मंडळी दिल्लीला विमान बदलून काठमांडू गाठतात. दिल्लीपासून पुढचा प्रवास जेमतेम दीड तासाचा. विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे सतत डाव्या हाताला राहतो. उजवीकडच्यांच्या वाट्याला गंगेचं मैदान येतं. म्हणून जागा निवडताना 'ए' अक्षराची, डावीकडची खिडकी मागून घ्या.

पण नुसती खिडकी पुरत नाही. मधल्या रांगांत बसलात तर खाली पंखच पसरलेला दिसतो. पंखाच्या लगेच मागे इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे पलीकडचं दृश्य थरथरतं. पंखाच्या बऱ्याच पुढची जागा उत्तम. तिला थोडे पैसे जास्त पडतात. एरवी नका देऊ, या प्रवासात मात्र जरूर द्या.

उत्तरेच्या खिडकीला सूर्याचीही साथ असते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो. त्याची तिरीप उजव्या खिडक्यांतून आत येते आणि त्याच उन्हात डावीकडचे बर्फाचे उतार लख्ख उजळतात. पावसाळ्यात ढगांपुढे इलाज नाही, एप्रिल-मेमध्ये हवा धुरकट असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे खरे दिवस, आणि विमान शक्यतो सकाळचं.

आता पाहायचं कुठे? खाली नव्हे, समोर! विमान साधारण दहा किलोमीटर उंचीवर असतं. तिथून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरवर जातं, आणि आठ हजार मीटरची शिखरं त्या क्षितिजाच्याही वर डोकं काढून उभी असतात. ढगांची पांढरी ओळ समजून कितीतरी जण नजर वळवतात, याची मला फार हळहळ वाटते. ढगाच्या कडा मऊ असतात. ज्याची कड धारदार आणि जागची हलत नाही, तो पर्वत.

अर्धा प्रवास सरला की डोळे उघडे ठेवा. आधी येतो धौलागिरी, ८१६७ मीटर, एकटा आणि भव्य. मग काली गंडकीची खोल दरी, आणि तिच्या पलीकडे अन्नपूर्णा, ८०९१ मीटर. आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसानं सर्वात आधी, १९५० साली, पाय ठेवला तो हिच्यावर. हिच्या पुढ्यातलं टोकदार शिखर म्हणजे माछापुच्छ्रे. त्यानंतर मनास्लू. तोवर विमान उतरू लागलेलं असतं.

एव्हरेस्टची आशा मात्र इथे धरू नका. ते काठमांडूच्याही पूर्वेला आहे. ते पाहायचं तर दिल्लीहून बागडोगऱ्याचं विमान घ्या. तिथेही डावीच बाजू, आणि हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्टपाठोपाठ कांचनगंगाही दिसते.

काठमांडूहून परतताना बाजू बदलते, हे विसरू नका. तेव्हा उजवीकडची खिडकी घ्या, 'एफ' अक्षराची. आणि बरोबर लहान मूल असेल, तर ती जागा त्याला द्या.