गिरणगावचे रुग्णालय आणि आरोग्याचा हक्क



मुंबईत परळ येथे १९२६ साली किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम., सुरू झाले. नाव परकी राजाचे असले, तरी संस्थेचा जन्म राष्ट्रीय स्वाभिमानातून झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकपदे गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असत. म्हणून शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की रुग्णालयाला जोडलेल्या महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असतील. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता यांनी संस्थेची घडी बसविली, तर ती चालविण्याचा भार महापालिकेने उचलला.

परळ हे गिरणगावचे हृदय होते. १९२८ साली याच वस्त्यांतून गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप उभा राहिला. कोंदट चाळींत राहून कापसाची धूळ छातीत भरून घेणाऱ्या या श्रमिकांना पालिकेचे रुग्णालय हाच आधार होता. पुढे १९२१ च्या असहकार काळात जन्मलेले राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय १९४६ साली महापालिकेकडे आले. १९४७ साली लष्करी बराकींत शीवचे रुग्णालय सुरू झाले.

१९४६ सालीच भोर समितीने तत्त्व मांडले, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. ती कामगार चळवळीच्या दृष्टीने मोलाची होती. परंतु तिचे छत्र नोकरीशी बांधलेले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हजारोंची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर विमाही गेला. पालिकेच्या रुग्णालयाने मात्र केसपेपर काढणाऱ्याला कधी विचारले नाही, की तुझी गिरणी चालू आहे काय? सार्वजनिक सेवेचा खरा अर्थ हाच आहे.

आज परळच्या पदपथांवर दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक मुक्काम करतात. हा या रुग्णालयांवरील विश्वासाचा पुरावा आहे. पण गावोगावची सरकारी आरोग्यसेवा उपाशी ठेवणाऱ्या धोरणावरचा तो आरोपही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ साली, महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भार जनतेने थेट स्वतःच्या खिशातून सोसला.

अशा वेळी ‘भागीदारी’च्या गोंडस नावाखाली सार्वजनिक रुग्णालये नफेखोरांच्या हाती देणे म्हणजे श्रमिकांचा शेवटचा आधार काढून घेणे होय. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. रुग्णालयांच्या बाबतीत हे घडू द्यायचे नसेल, तर परिचारिका, सफाई कामगार, डॉक्टर आणि रुग्ण यांची अभेद्य एकजूट उभी राहिली पाहिजे. रिक्त पदे भरा, औषधे रुग्णालयातच द्या, खासगीकरण थांबवा, या मागण्या घेऊन हा लढा प्रत्येक वस्तीत पोहोचला पाहिजे. आरोग्य ही भीक नव्हे. तो श्रम करणाऱ्यांचा हक्क आहे.