दुबईपासून काय घ्यावे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दुबई हे नाव आपल्या कोकणात कोणाला परके नाही. कोणाचा मुलगा तेथे आहे, कोणाचा भाऊ, कोणाचा जावई. परंतु ते शहर कसे उभे राहिले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शंभर वर्षांपूर्वी दुबई हे वाळवंटाच्या कडेचे, खाडीकाठचे लहानसे बंदर होते. मोती हा तेथील मुख्य धंदा. ते मोती विक्रीसाठी आपल्या मुंबईस येत. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली, जपानचे लागवडीचे मोती बाजारात आले आणि हा धंदा बुडाला. लोकांवर उपासमारीची पाळी आली.

१९५८ साली शेख रशीद गादीवर आले. खाडी गाळाने भरत चालली होती. त्यांनी कुवेतकडून कर्ज काढून ती उपसून घेतली. लक्षात घ्या, तेल सापडले ते त्यानंतर, १९६६ साली! तेलाचा पैसा आला तोही बंदरांत घातला. १९७२ मध्ये रशीद बंदर आणि १९७९ मध्ये जेबेल अली बंदर सुरू झाले. १९८५ मध्ये तेथे मुक्त व्यापार क्षेत्र आणि स्वतःची विमान कंपनीही निघाली. २०१० साली ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खुला झाला. आज लोकवस्ती ३० लाखांवर आहे. त्यांत बहुसंख्य परदेशी आहेत.

आलेला पैसा उद्याची कमाई वाढेल अशा कामी घालावा, हा या साऱ्याचा बोध होय. पालकहो, आपल्याकडे आखातातून आलेला पैसा कोठे जातो? घराचा मजला, लग्नातील थाट, दारातील गाडी. मुलांच्या शिक्षणाचा क्रमांक कितवा लागतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

तेथील वास्तव्याचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की परतावे लागते. २००९ च्या कर्जसंकटात बांधकामे थांबली, तेव्हा कितीतरी मजूर रिकाम्या हातांनी मायदेशी परतले. हाती कसब असेल त्याला दुसरे दार उघडते. दहावी न झालेल्या कामगारास तर तेथे नोकरीस जाताना सामान्यतः भारत सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, पारपत्राची घाई करू नका. आधी दहावी पूर्ण करा, मग आय. टी. आय., पदविका वा पदवी घ्या, आणि खुशाल जा. मुलींचे शिक्षणही अर्ध्यावर सोडू नका. घरचा कर्ता परदेशी असता सारा व्यवहार तीच पाहते.

दुबईत १९१२ साली अहमदिया ही शाळा निघाली. ती काढली एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने. मोत्यांचा धंदा गेला; शाळेत शिकलेली पिढी मात्र कामी आली. आपल्या कमाईतूनही असे काही मागे राहो, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो.