नुकतीच वाचलेली दोन पुस्तके



नुकत्याच हातावेगळ्या केलेल्या पुस्तकांविषयी चार शब्द बोलावेत, एवढीच चालकांची आम्हांस आज्ञा आहे. पुस्तके दोनच, आणि तीही जुनी. एक विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास', दुसरे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आपणांपैकी पुष्कळांनी ती वाचली असतील. पण एकापाठोपाठ एक वाचली म्हणजे निराळेच काही दिसू लागते.

गोडसे भटजी वरसईचे. घरात कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता आली, तेव्हा दक्षिणेच्या आशेने हे काकांबरोबर उत्तरेस निघाले. वाटेत १८५७ चे बंड आडवे आले, आणि १८५८ साली झांशीस वेढा पडला तेव्हा हा भिक्षुक नेमका गावातच! त्याने गोळे पाहिले, लूट पाहिली, प्रेतांनी भरलेले रस्ते पाहिले. पण त्या गदारोळातही आजच्या जेवणाची विवंचना त्याला सुटत नाही. आम्हांला तो विश्वासू वाटतो तो याचमुळे. पुढे काल्पीच्या बाजूला विहिरीपाशी राणी भेटते. भटजी पाणी शेंदू लागतात. ती त्यांना शेंदू देत नाही, स्वतः शेंदते. झांशीच्या राणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण तहानेने व्याकुळ झालेली ही राणी आमच्या मनातून जात नाही.

हे हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले, तेव्हा त्यात त्यांनी बरेच फेरफार केले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ १९६६ साली बाहेर आणला. वैद्यांनी लिहवून घेतले नसते तर मुळात काहीच उरले नसते, हे खरेच. तरीपण भटजींना सुधारण्याचे कारण काय होते? साक्षीदाराची जबानी कोणी शुद्धलेखनासाठी दुरुस्त करीत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. बंड मोडून दशक लोटलेले. तोफ त्यांनी ऐकली नाही. पण त्यांच्या आईच्या वडिलांना त्याच बंडापायी फाशी झाली होती, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके वाढले की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! झांशीचा गोळा असा एका मराठी स्वयंपाकघरात येऊन पडला. (मीठ धुतल्यावर उरायचे किती, हे घरातल्या बायकांनाच ठाऊक.) बाई हे हसत सांगतात. आम्हीही हसलो, आणि मग त्यांच्या आईचा विचार मनात येऊन गप्प झालो.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. बाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या नवऱ्यावर रागावतात, रडतात, आणि त्याच दमात त्याच्या विसरभोळेपणाची गंमतही सांगतात. कोणाचीच बाजू त्या मांडीत नाहीत.

पुस्तकाचे चार भाग आहेत. ज्यांना सवड थोडी, त्यांनी पहिला घ्यावा. पण भटजी वाचून झाल्यावर.