आधी गच्ची, मग फरशी
(रौप्यमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुरुस्तीचा आराखडा नोटीस बोर्डावर लागल्यापासून एकच प्रश्न येतोय, "प्लंबरची कामं एका जागी का नाहीत? चार ठिकाणी का विखुरलीत?" उत्तराला मला दहा मिनिटं दिली आहेत.

हा आराखडा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये केला आहे. त्यात एका ओळीखालची कामं थोडी आत सरकवली, की वरची ओळ त्या गटाचं शीर्षक होते. तिला समरी टास्क म्हणतात. तिच्या तारखा आपण भरायच्या नसतात; खालचं सर्वांत आधी सुरू होणारं आणि सर्वांत उशिरा संपणारं काम यांवरून त्या ठरतात. म्हणजे गट पाडताना आपण हेच ठरवतो, की लोकांनी कुठल्या तारखेकडे बघायचं.

'प्लंबर' असा गट केला, तर तो गच्चीवरच्या पहिल्या पाइपापासून पार्किंगमधल्या शेवटच्या नळापर्यंत लांबतो. त्या तारखेचा वरच्या मजल्यावरच्या आजींना काय उपयोग? त्यांना एवढंच हवंय, की पावसाळ्याआधी छत गळायचं थांबेल का. म्हणून आमचे गट असे आहेत: 'गच्ची गळत नाही', 'नव्या टाकीचं पाणी घरात', 'बाहेरच्या भिंती', 'पार्किंग'. गच्चीच्या गटात जुना कोबा काढणं, पाइपांच्या कडा बुजवणं, वॉटरप्रूफिंग, आणि शेवटी पाणी साठवून तपासणं. ही तपासणी झाल्याशिवाय गट संपत नाही, मग कंत्राटदार काहीही म्हणो. प्लंबरला त्याची यादी वेगळी मिळेल. प्रत्येक कामापुढे कारागिराचा रकाना भरलाय. त्यावर 'ग्रुप बाय' लावलं, की तीच कामं कारागिरांनुसार दिसतात आणि मूळ मांडणी हलत नाही.

आता क्रम. आपल्या जिल्ह्याला हा नवा नाही. पर्जन्यछायेतल्या हिवरे बाजारला 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं पाण्याचं काम हाती घेतलं. पाणलोटाच्या कामाचा नियम 'माथा ते पायथा'. आधी डोंगरावर समतल चर आणि झाडं, मग उतारावरचे बांध, मग नाल्यातले बंधारे. उलटं केलं, तर वरची माती वाहून येते आणि खालचा बंधारा गाळानं भरतो. इमारतीचंही तेच. गच्चीतून पाणी मुरत असताना भिंतीला रंग दिला, तर एका पावसात पोपडे धरणार. रंग आधी दिसतो, म्हणून सगळ्यांना तोच आधी हवा असतो, हे मी समजू शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम जोडताना एक पथ्य पाळलंय. शीर्षकाला शीर्षक जोडलेलं नाही, खालच्या कामाला काम जोडलंय. 'गच्ची'चा पूर्ण गट संपेपर्यंत 'टाकी' थांबायचं कारण नाही. टाकीला फक्त तिच्या खालचा ओटा तयार हवा.

आणि टक्क्यांवर फार जाऊ नका. गट किती पूर्ण, ते सॉफ्टवेअर खालच्या कामांच्या दिवसांवरून काढतं. समजा एकाच गटात रंग 40 दिवस, परांची 6 दिवस आणि टाकीची जोडणी 4 दिवस. पहिली दोन झाली, तर आकडा 92 टक्के दिसेल, आणि नळ कोरडाच! म्हणून टाकी आणि रंग वेगळ्या गटांत आहेत. दर रविवारी बोर्डावर गटाची तारीख लिहू, टक्के नाही.

राहिलं पार्किंग. तिथली फरशी उखडलेली आहे, ती आधी करा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. पण पाण्याची नवी लाइन तिच्याखालून जाते. आधी फरशी बसवली, तर महिन्यात फोडावी लागेल, आणि पैसे दोनदा जातील. म्हणून ती शेवटी. तोपर्यंत दुचाक्या मागच्या गेटजवळ लावाव्या लागतील. ज्यांना तिथून चालत येणं अवघड आहे, त्यांनी आजच सचिवांकडे नाव द्यावं. त्यांच्यासाठी जिन्याजवळच्या जागा राखून ठेवतो.