मॉरिशस : तीन राजवटी आणि ऊस

हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर मूळ वस्ती नव्हती. तिथे जिंकायला कोणी नव्हते. राबायला मात्र माणसे बाहेरून आणली गेली. या बेटावरील वसाहती सत्तेचा सारा इतिहास या आणलेल्या माणसांभोवती फिरतो.

डच खलाशी १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. १६३८ पासून त्यांनी वस्ती केली. आबनूसाची जंगले तोडली, जावाहून ऊस आणला, मादागास्करहून गुलाम आणले. डोडो पक्षी नामशेष झाला तो याच काळात. १७१० मध्ये डच निघून गेले, ऊस राहिला.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले. गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने १७३५ पासून पोर्ट लुई बंदर उभारले. त्यासाठी कारागीर पुदुच्चेरीहून आले, तर मोठा कष्टकरी वर्ग मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचा होता. त्यांच्या श्रमावरच बंदराची आणि मळ्यांची भरभराट झाली, ही गोष्ट बुर्दोनेच्या कौतुकात फार वेळा मागे पडते.

डिसेंबर १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, कायदे आणि भाषा त्यांनी तशाच ठेवल्या. १८१५ पासून मुंबई आणि बंगालमधून जन्मठेपेचे कैदी आणून त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी केली आणि ऊस बेटभर पसरला. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली, सुटलेल्या गुलामांना नाही.

मजुरांची गरज होतीच. म्हणून गुलामगिरी रद्द होण्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर कोलकात्याहून पोर्ट लुईला पोहोचले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. हीच गिरमिट. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर भारतीय या वाटेने आले. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळ प्रदेशातले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी आणि सातारा भागातले मराठी लोक होते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने, मुदत संपलेल्या मजुरालाही छायाचित्राचा पास जवळ बाळगावा लागे. गुलामगिरी कागदावर संपली होती, मळ्यावर तिची चाल तशीच होती. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांनी हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, तेव्हा शाही चौकशी आयोग नेमणे भाग पडले.

१९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ मध्ये संपकऱ्यांवर गोळीबार झाला. १२ मार्च १९६८ रोजी शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. चागोस बेटे मात्र ब्रिटनने १९६५ मध्येच वेगळी काढली आणि पुढे तेथील रहिवाशांना हुसकावले.

मराठी कुटुंबांनी तिथे गणेशोत्सव आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी जपली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या गिरमिटियांच्या नोंदवह्यांत वडिलांचे नाव, वय, उंची आणि गाव लिहिलेले आहे. कोकण आणि साताऱ्याकडच्या अभ्यासकांनी त्या नोंदींतली गावे आपापल्या गावांशी पडताळून पाहावीत.