इंग्रजी : पाठांतर, व्याकरण आणि वाचन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मुलांचे इंग्रजी कसे सुधारावे, या विषयावर मी बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसणारे मूल दहा वर्षे ही भाषा शिकलेले असते. तरीसुद्धा दहावीत बऱ्यापैकी गुण मिळवलेला मुलगा औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचू शकत नाही, बँकेचा इंग्रजी अर्ज शेजाऱ्याकडून भरून घेतो. कोकणातील आपली कितीतरी माणसे आखातात नोकरीला गेली आणि अजूनही जातात. नोकरीचा करार इंग्रजीत आणि अरबीत असतो. पगार किती, ओव्हरटाइम कसा, परतीचे तिकीट कोणी द्यायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. आपला माणूस एजंट बोट दाखवील तेथे सही करून मोकळा होतो. तेव्हा इंग्रजी हा केवळ गुणपत्रिकेवरचा एक विषय आहे असे कृपा करून समजू नका.

या बाबतीत मला मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाचा विचार फार मोलाचा वाटतो. हे इंग्रज गृहस्थ ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधील मुलांना इंग्रजी कसे शिकवावे यावर त्यांनी सन १९२६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिले की बहुतेक मुले शिक्षण अर्धवट सोडतात. मग ज्या दिवशी मूल शाळा सोडते, त्या दिवशी त्याच्या हाती काय उरते? विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केली तर जी रक्कम परत मिळते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट साहेबांनी हाच शब्द शिक्षणाला लावला. त्यांचे म्हणणे असे की बोलणे किंवा लिहिणे अर्धवट शिकले तर ते लवकर जाते, पण वाचता येऊ लागले की तेवढे तरी कायमचे पदरात पडते. म्हणून वाचनाला पहिला मान.

पालकांनो, हा हिशेब आपल्याला किती लागू आहे पाहा. आपल्याकडे मुलगी दहावी झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. मुलगा बारावीला अडखळला की मामाच्या गॅरेजवर जातो. तसे होऊ नये हे माझे मत मी दरवर्षी सांगतो आणि यापुढेही सांगणार. पण ज्यांचे शिक्षण थांबले, त्यांच्या हाती पाठ केलेले दहा निबंध उरले तर त्याची किंमत शून्य. साधे पुस्तक वाचून समजण्याची ताकद उरली तर ती मुलगी पुढे घरी बसून बाहेरून परीक्षा देऊ शकते आणि आपल्या मुलांचा अभ्यास घेऊ शकते.

आता शब्दसंग्रहाविषयी. विद्यार्थी रोज वीस नवे शब्द पाठ करण्याचा निश्चय करतात आणि आठव्या दिवशी वही गादीखाली जाते. वस्तुतः इतक्या शब्दांची गरजच नसते. याच वेस्ट साहेबांनी सन १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी, १९३५ मध्ये, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक कोश तयार केला होता. त्यात सुमारे चोवीस हजार शब्दांचे व वाक्प्रयोगांचे अर्थ केवळ १४९० शब्दांचा वापर करून सांगितले आहेत. म्हणजे दीड-दोन हजार शब्द पक्के झाले की पुढचा दरवाजा आपोआप किलकिला होतो.

शब्द पक्के कसे करावेत? यासाठी परदेशी पद्धत शोधायची गरज नाही. आपल्या मदरशात हिफ्ज करणारी मुले कशी पाठ करतात ते पाहा. आजचा नवा सबक असतो. त्याबरोबर गेल्या काही दिवसांचा सबकपारा ऐकवावा लागतो आणि त्याखेरीज जुना आमोख्ता रोज थोडा थोडा फिरवावा लागतो. नवीन थोडे, जुने जास्त. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आपल्या हाफिजजींना हे कोणत्याही प्रयोगाशिवाय माहीत आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, रोज पाचच नवे शब्द घ्या, पण गेल्या आठवड्याचे पंचवीस आणि गेल्या महिन्यातले थोडे, असे रोज फिरवा. आणि शब्द एकटा लिहू नका. मराठीत आपण गृहपाठही करतो आणि चूकही करतो. इंग्रजीत मात्र होमवर्कला डू लागते आणि मिस्टेकला मेक. औषध आपण घरी पितो, खातो, घेतो, इंग्रजीत ते फक्त टेक. शब्दाबरोबर त्याचा सोबतीही वहीत उतरवला पाहिजे.

शिवाय काही शब्द तर तुमच्या घरातलेच आहेत! अल-जब्र वरून अल्जेब्रा झाला, सिफ्र वरून झीरो, सुक्कर वरून शुगर, कुत्न वरून कॉटन, तारीफ वरून टॅरिफ. मॅगझिन आणि आपला खजिना यांचे मूळ एकच. पायजमा तर इंग्रजांनी जसाच्या तसा उचलला. मुलांना हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरची भीती थोडी उतरते, असा माझा अनुभव आहे.

व्याकरणाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण खरी पडझड तेथे होते. व्याख्या सर्वांना पाठ असतात. नाऊन म्हणजे काय, विचारा, घडाघडा सांगतील. पण वाक्य लिहिताना मूल मराठीत किंवा घरच्या दखनीत विचार करते, आणि या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. 'मी आंबा खातो' यात खातो शेवटी, तर 'आय ईट अ मँगो' यात ईट मध्ये. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागून येते. इंग्रजीत 'ऑन द टेबल', म्हणजे 'वर' आधी. घराची दारे उलट बाजूला आहेत इतकेच. एकदा हे दाखवून दिले की निम्म्या चुका कमी होतात.

सर्वांत जास्त लाल शाई मी कोठे खर्च करतो सांगू? 'आय डिड नॉट वेंट' या वाक्यावर. मूल असे का लिहिते? कारण मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो' या शब्दातच बसलेला असतो. मूल प्रामाणिकपणे तेच करते. इंग्रजीत मात्र डिड आला की भूतकाळाचे ओझे त्याने उचलले. मग मूळ क्रियापद मोकळे होते : 'आय डिड नॉट गो', 'डिड यू गो?' एक ओझे दोन हमालांच्या डोक्यावर नको, असे मी वर्गात सांगतो. दुसरी चूक 'सिन्स'ची. 'मी दोन वर्षांपासून या शाळेत शिकतो' याचे 'आय अ‍ॅम स्टडिइंग हिअर सिन्स टू इयर्स' असे भाषांतर मोठी माणसेही करतात. हवे ते 'आय हॅव बीन स्टडिइंग हिअर फॉर टू इयर्स'. किती काळ हे सांगायचे असेल तर फॉर, केव्हापासून हे सांगायचे असेल तर सिन्स. जुन्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली, ती हल्ली कोणी उघडत नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवून फरक पाहण्याची तिची रीत आजही उपयोगी आहे, असे मला वाटते.

आता वाचन. एक नाजूक गोष्ट बोलतो, गैरसमज नसावा. आपली मुले लहानपणी कुरआन शरीफ नाजरा वाचायला शिकतात. उच्चार शुद्ध, आवाज स्पष्ट, रोजचा नेम. त्या तिलावतीचा सवाब आपल्या ठिकाणी आहे. पण हीच सवय घेऊन मूल इंग्रजीचा धडा वाचते. सुंदर वाचते. वडील बाहेरच्या खोलीत ऐकून खूश होतात. धडा कशाबद्दल होता असे विचारले तर मूल गप्प! इंग्रजीत अर्थाविना वाचलेले पान म्हणजे न वाचलेले पान. परीक्षेत न पाहिलेला उतारा येतो, तेथे ही मुले अडकतात ती त्यामुळेच, आणि गाईड तेथे काही कामाला येत नाही.

वाचायला पुस्तक सोपे घ्या. आठवीच्या मुलाने पाचवीचे पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही. शंभर शब्दांत पाच-सहाहून अधिक शब्द अडत असतील तर ते पुस्तक खाली ठेवावे, पुढच्या वर्षी उचलावे. पहिल्या वाचनात कोश उघडू नये, अंदाज करावा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ ओढून पुढे जावे, आणि जो शब्द तीनदा आडवा येईल तोच कोशात पाहावा. रोज पंधरा मिनिटे पुरेत, मात्र रोज. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. तेव्हा पुस्तक मिळाले नाही ही सबब आता चालणार नाही. मोबाईल आहेच, तो असतो कोणत्या कामात हे तुम्ही जाणता.

इंग्रजी माध्यमाविषयी पालक मला नेहमी विचारतात. कर्ज काढून मुलाला तेथे घालावे का? ज्या शाळेत शिक्षकांनाच इंग्रजी सहज येत नाही, अशा शाळेच्या पाटीवर पैसे खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. मराठी किंवा उर्दू माध्यमातून विषय नीट समजलेला मुलगा इंग्रजी भरून काढू शकतो. उलट कोणतीच भाषा धड नसलेला मुलगा फार कष्टाने वर येतो.

राहिला तुमचा प्रश्न : "सर, आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही अभ्यास कसा घ्यावा?" अम्मी शाळेत गेलेली नसेल तरी ती ही परीक्षा घेऊ शकते. मुलाचे वाचून झाले की त्याला एवढेच विचारायचे, "यात काय झाले ते मला आपल्या बोलीत सांग." त्याला गोष्ट सांगता आली तर त्याने वाचले. अडखळला, इकडचे तिकडे सांगू लागला, तर पुन्हा वाचायला बसवा. रात्री भाकरी भाजता भाजताही हे जमते, आणि मुलीला विचारताना मुलाइतकाच वेळ द्या.